माशांच्या डोळ्यातील ग्लिया पेशी : गंगापूर रस्त्यावर मिळणाऱ्या नोट्सविषयी

गंगापूर रस्त्यावरील एका झेरॉक्सच्या दुकानात एम.एस्सी. प्राणिशास्त्रासाठी मत्स्यदृष्टीवरील स्पायरल बायंडिंग केलेल्या नोट्स १४० रुपयांना मिळतात. विद्यार्थ्यांना त्या सुचवाव्यात की नाही, हे ठरवण्यासाठी मी एक प्रत विकत घेतली आणि ग्लिया पेशींच्या, म्हणजे चेतापेशींच्या सोबतीने असणाऱ्या साहाय्यक पेशींच्या, विद्युत गुणधर्मांवरील प्रकरण दोनदा वाचले.

प्रकरणाचा पाया उत्तम घातला आहे. ग्लिया म्हणजे चेतापेशींना धरून ठेवणारा निव्वळ डिंक, ही जुनी समजूत लेखकाने गणिताच्या आधारे दूर केली आहे. या पेशींचे पटल मुख्यतः पोटॅशियम आयनांनाच वाट देते, म्हणून त्यांचे विभव, म्हणजे पटलाच्या आतबाहेरील विद्युतदाबाचा फरक, उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास राहते. बाहेरील पोटॅशियम दहापट झाले, तर ते सुमारे ५८ मिलिव्होल्टने शून्याकडे सरकते आणि दुप्पट झाले, तर सुमारे १७ मिलिव्होल्टने. चेतापेशी आवेग (विद्युत संदेश) धाडताना पोटॅशियम बाहेर सोडते आणि शेजारची ग्लिया पेशी, स्वतः आवेग निर्माण न करता, त्याची नोंद संथपणे घेते, हे इतक्या सोप्या मराठीत मी क्वचितच वाचले आहे.

मात्र याच प्रकरणात एक गंभीर चूक आहे. कफलर, निकोल्स आणि ऑरकंड या शास्त्रज्ञांचे दृष्टिचेतेवरील (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेवरील) १९६६चे प्रयोग येथे ‘माशांवरील प्रयोग’ म्हणून दिले आहेत. तो प्राणी नेक्ट्युरस होता, म्हणजे उभयचर. पाण्यात राहतो आणि कल्ले बाळगतो, एवढ्यावरून तो मासा ठरत नाही. न्यूमन यांनी १९८४ साली म्युलर पेशीच्या, म्हणजे दृष्टिपटलातील मुख्य ग्लिया पेशीच्या, पटलाची सुमारे ९४ टक्के वाहकता काचद्रवाकडील (डोळ्यातील पारदर्शक गराकडील) टोकाशी एकवटलेली दाखवली, तीही सॅलॅमँडर या उभयचरामध्ये. पोटॅशियम काचद्रवात वाहून नेण्याचे तत्त्व त्यातून समजते, परंतु तो आकडा माशांच्या नावावर खपवता येत नाही.

माशांनी या विषयाला जे खरोखर दिले, ते मात्र वगळले आहे. स्वेतिचिन यांनी १९५३ साली माशांच्या दृष्टिपटलातून प्रकाशाला मिळणारे संथ विद्युत प्रतिसाद नोंदवले. आधी ते शंकुपेशींचे, म्हणजे रंग ओळखणाऱ्या प्रकाशग्राही पेशींचे, मानले गेले. पुढे त्यांनीच ते दृष्टिपटलात आडव्या पसरलेल्या क्षैतिज पेशींशी जोडले, पण या पेशींची गणना ग्लियासदृश पेशींमध्ये केली. आज आपण क्षैतिज पेशींना चेतापेशी मानतो. प्रकाश पडला की क्षैतिज पेशीचे विभव सामान्यतः अधिक उणे होते, तर म्युलर पेशीचे विभव भोवतालच्या पोटॅशियमच्या चढउतारामागून जाते. परीक्षेत हमखास विचारण्याजोगा हा भेद नोट्समध्ये कुठेही नाही. स्केट माशाच्या म्युलर पेशींवर चेतापेशींसारखे गाबा-ए ग्राहक (गाबा या चेतासंदेशवाहक रसायनाला प्रतिसाद देणारे रेणू) असल्याचे १९८९ मध्ये दाखवले गेले, त्याचाही उल्लेख नाही.

छपाईबद्दल थोडक्यात सांगायचे तर, पाने सुटत नाहीत, परंतु झेरॉक्सच्या झेरॉक्समुळे आलेखांवरील उणे चिन्हे पुसली गेली आहेत. इतर प्रकरणांत हे खपून गेले असते. येथे मात्र विभवाची दिशाच उलटी वाचली जाते.

पोटॅशियमच्या गणितासाठी या नोट्स जरूर घ्याव्यात, प्राण्यांची नावे मात्र पाठ्यपुस्तकातूनच पाहावीत. मी पेन्सिलीने दुरुस्त केलेली पाने दुकानदारांना दाखवली, तेव्हा पुढच्या प्रतींसाठी म्हणून त्यांनी ती लगेच झेरॉक्स करून ठेवून घेतली.