नरनाळ्याच्या जुन्या वाटेची नोंद: वही की फोन?

शहानूर गावाकडून अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्यावर चढणाऱ्या जुन्या वाटेच्या नोंदी आम्ही गावातल्या चौघा-पाचजणांनी दोन्ही तऱ्हेने ठेवून पाहिल्या: तीन पावसाळे वहीत, दोन फोनवरच्या ॲपमध्ये. तुमच्या गावची समिती असं काही सुरू करणार असेल, तर हे उपयोगी पडावं. व्याघ्र प्रकल्पात २०१० पासून आलेलं एम-स्ट्राइप्स हे नोंदीचं ॲप वनरक्षकांच्या गस्तीसाठी आहे, त्याचा विषय वेगळा. मी फक्त वाटेच्या निगराणीबद्दल लिहितोय.

फोनवर जागा सहसा चुकत नाही. वहीत 'मोठ्या सागापासून वीस पावलं' लिहिलं होतं. तो साग वादळात पडला आणि पुढच्या वर्षी जागा सापडेना. फोटोला तारीख आपोआप लागते, ऑफिसला पाठवायलाही सोपं. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते.

मला खटकलं ते पुढे. आमच्या ॲपमध्ये नुकसानीचे प्रकार ठरलेले होते, त्यातला एक निवडायचा. एका वळणाची नोंद झाली 'वाट खचली, मध्यम'. सोबत चिखलाचा फोटो. दोन महिन्यांनी विचारणा आली: कशामुळे खचली? आम्हा कोणालाच सांगता येईना. मग जुनी वही काढली. त्याच वळणाबद्दल सोबतच्या कोरकू काकांनी सांगितलेलं तिथं उतरवलेलं होतं: 'वरच्या नालीत पाला अडकतो, पाणी वाटेवर येते.' खरं दुखणं तेच होतं. पाणी वाटेवर आलं की आधी दगडांच्या फटींतली माती जाते, मग दगड हलतो, मग माणसं कडेने चालतात आणि तिथला मुरूम उघडा पडतो. हे सगळं एका 'मध्यम'मध्ये कसं मावणार?

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली, जंगल वनखात्याचं. परवानगीशिवाय आपण एक दगडही बसवू शकत नाही. आपल्या हाती फक्त नोंद असते, म्हणून तिच्यात कारण हवंच. नालीतला पाला काढायचा की फरसबंदी उकलायची, हे त्यावरच ठरतं.

मोठ्या चमूला, रोज वेगळी माणसं जात असतील तर, कदाचित फोनच सोयीचा पडेल. आम्ही मात्र वहीवर परतलो. जागा आता दरवाज्यापासून पावलं मोजून लिहितो. महाकाली दरवाजा १४८७ पासून उभा आहे, सागासारखा पडायचा नाही. दरवर्षी त्याच जागेवरून एक फोटो फोनने घेतो. शाई पावसात पसरते, म्हणून पेन्सिल न्यावी.