फोन ब्लॅक अँड व्हाइट करून आठ महिने झाले, माझा अनुभव

बेळगावच्या वडगावात आमचे साडीचे चार माग आहेत. माग चालू आणि हातात फोन, ही सवय कधी लागली कळलंच नाही. धागा तुटलेला उशिरा दिसला की साडीत आडवा दोष राहतो, मग ती साडी सेकंडमध्ये. गणपतीच्या आधी एका आठवड्यात अशा तीन गेल्या, तेव्हा वैतागून फोनच काळा-पांढरा करून टाकलो. सेटिंगमध्येच असतंय, पैसे लागत नाहीत.

पहिले पंधरा दिवस एक नंबर. रील्स म्हणजे अळणी आमटी, नोटिफिकेशनचा ठिपकाच लाल नाही तर बोट जाणार कशाला. पण धंद्यात गोची झाली, व्यापारी सुताचा शेड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोय आणि मला राणी काय न् मोरपंखी काय, सगळं करडंच, एकदा तर भलतंच सूत मागवून बसलो. म्हणून शॉर्टकट लावलो, आवाजाची दोन्ही बटणं धरून ठेवली की रंग परत. झालं की, महिन्याभरात बोटांना तीच सवय, फोन हातात आला की आधी रंग. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

खरी गोम रंगात नाहीच बघा. आमच्या मागावर कांडी, म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी, संपली की माग थांबतोय, माणूस मान वर करतोय, पाणी पितोय. फोनमध्ये कांडी संपतच नाही. हे न संपणारं स्क्रोल अझा रास्किन नावाच्या डिझाइनरनं २००६ मध्ये काढलं, आणि नंतर त्यानंच चूक झाली म्हणून जाहीर सांगितलं. त्यात परत मटक्यासारखं, नऊ रील फालतू आणि दहावी भारी, पण भारी कधी येणार ते ठाऊक नाही. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या कबुतरांचं तेच झालं होतं, दाणा कधी पडेल याचा नेम नसला की ती जास्तच चोच मारत बसायची.

मग दुसरा उपाय केलो. खडेबाजारातनं चावीचं गजराचं घड्याळ आणलो आणि फोन आतल्या खोलीत वरच्या फळीवर, काढायला स्टूल लागतंय. आश्चर्य म्हणजे हेच टिकलं! स्टूल ओढायचा कंटाळा रंगापेक्षा भारी पडला. २१ दिवसांत सवय लागते म्हणतात त्यावर जाऊ नका, लंडनच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस आले होते, कुणाला १८ तर कुणाला २५४ पण. मला अडीच महिने तरी लागले, आणि अजून हात खिशात जातोयच.

मागाच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही, कॉल चुकतात, आमची ही दारातनं हात हलवते तेव्हा कळतंय.

काळा-पांढरा फोन ५ पैकी २, फळी साडेचार. अर्धा मार्क घड्याळामुळं कापलोय, टिकटिक लई, रात्री पितळी डब्यात ठेवावं लागतंय.