भोके पाडून आलेला ब्रायर-किट: फ्लॅटमध्ये पाइप कोरणाऱ्यांसाठी

तंबाखू ओढायचा लाकडी पाइप कोरायला शिकायचे असेल तर पहिला खर्च हत्यारांवर नको, आधीच भोके पाडून मिळणाऱ्या ब्रायर-किटवर करावा. यात वस्तू दोनच. भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाजवळच्या गाठीचा, म्हणजे ब्रायरचा, ठोकळा आणि त्यात बसवलेला एबोनाइटचा (कडक रबराचा) किंवा अ‍ॅक्रिलिकचा स्टेम, म्हणजे तोंडात धरायची नळी.

पैसे जातात ते लाकडापेक्षा भोकांचे, आणि ते वसूलही होतात. तंबाखूची पोकळी साधारण १९-२० मिमी रुंद असते. धुराची ४ मिमीची नळी तिच्या अगदी तळाशी, मध्यभागी निघावी लागते. ती दोन मिमी जरी वर निघाली तरी खालचा तंबाखू ओला राहतो, जळतच नाही. हातातल्या ड्रिलने हे साधत नाही, आणि घोडबंदर रोडच्या टू-बीएचकेत लेथ कोण ठेवणार? म्हणून पार्सल उघडल्यावर आधी टॉर्च मारून तळ बघा आणि स्टेममधून पाइप क्लीनर (केसाळ तार) घाला. अडला तर ठोकळ्याला कानस लावण्याआधीच परत पाठवा.

बाकी कामाला कोपिंग सॉ (पातळ पात्याची करवत), अर्धगोल कानस, ८० ते ६०० नंबरचे पॉलिश पेपर आणि एन-९५ मास्क पुरतो. भिंत ६ मिमीपेक्षा पातळ करू नका, तळाला ८-१० मिमी ठेवा, नाहीतर बाउल (तंबाखू भरायचा भाग) हाताला चटके देतो आणि पुढे आतून जळतो. जास्तीत जास्त किट वाया जातात ते सांध्यावर. स्टेम काढून शँक (स्टेम बसतो तो ठोकळ्याचा दांडा) घासली की कड गोल होते आणि फट कायमची राहते. दोन्ही जोडूनच घासायचे.

कोरताना बारीक खड्डे उघडे पडले तर विक्रेत्याशी भांडू नका, ब्रायरचा स्वभावच तो. भुसा आणि फेविक्विकने ते भरतात, पण तिथे रंग चढत नाही, ठिपका दिसतोच. त्यापेक्षा तेवढा भाग मुद्दाम खडबडीत कोरावा.

फिनिशिंगला स्पिरिटमधला रंग आणि वर कार्नोबा मेण. फर्निचरवाले मेलामाइन किंवा पीयू गळ्यात मारतील, घेऊ नका. उष्णतेने त्याला फोड येतात. बाउलच्या आत रंग नाही की मेण नाही. हवा तर दही आणि अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलचा पातळ लेप द्यावा, तोही पूर्ण वाळू द्यावा.

किटची कमजोर बाजू म्हणजे स्टेम. स्वस्त किटमध्ये साच्याची रेघ तशीच असते आणि दातात धरायची कड जाड. ती उतरवायला बाउलइतकाच वेळ जातो. एबोनाइट उन्हात हिरवट पडते, खिडकीत ठेवू नये. अ‍ॅक्रिलिकची चमक टिकते, पण दाताला ते कडक लागते.

ठाण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगून टेनन (स्टेमचे शँकमध्ये जाणारे टोक) घट्ट बसतो. जोर लावला तर शँक तडकते, टेनन घासून बारीक केला तर जानेवारीत तोच ढिला होतो. पेन्सिलीचे शिसे चोळा, हळू पिळत काढा. आणि पाइप गरम असताना तर काढूच नका.