मचाणावरून बाण बसून सोडावा की उभ्याने?

धनुष्य कोणतं घ्यावं, बाणाचं पातं कसं असावं, मचाण किती उंच बांधावं, यावर सगळे हिरिरीने बोलतात. माझ्या अनुभवात मात्र हरीण मिळणार की पळणार हे बहुतेकदा एका वेगळ्याच गोष्टीवर ठरतं. हरीण झाडाखाली आलं की तुम्ही उठून उभे राहणार, की बसल्या जागेवरूनच दोरी ओढणार? धनुष्यबाणाने हरणाची शिकार मी अमेरिकेत आल्यावर शिकलो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषयच उरलेला नाही. पहिले चार सीझन उभ्याने काढले, आता जवळजवळ नेहमी बसून असतो. नव्याने सुरुवात करणाऱ्या दोघांनी या वर्षी हाच प्रश्न विचारला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. परवाना, तारखा, हार्नेस (पडू नये म्हणून अंगावर बांधून झाडाला अडकवायचा पट्टा) हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

उभं राहणाऱ्यांची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. उभ्याने कंबर मोकळी असते. व्हाइटटेल (इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण) कुठल्या बाजूने येईल याचा काही नेम नसतो, आणि उभा माणूस पावलं जराशी फिरवून जवळजवळ सगळीकडे वळू शकतो. दोरी ओढताना पाठीचा जोर नीट लागतो. खाली नेम धरताना कमरेतून वाकता येतं. बसलेला माणूस नुसता हात खाली करतो आणि तिथे नेम बिघडतो. शिवाय सराव आपण उभ्यानेच केलेला असतो, तोच पवित्रा अंगात मुरलेला असतो. तुमच्याकडे लाँगबो असेल तर मी वादच घालणार नाही. एवढ्या लांब धनुष्याचं खालचं टोक मांडीला नाहीतर सीटच्या कडेला अडकणारच. तुम्ही उभेच राहा.

पण कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, वापरणाऱ्या माणसाने एक गोष्ट स्वतःला प्रामाणिकपणे विचारावी. तुम्ही खरंच चार तास उभे राहता का? बहुतेक जण राहत नाहीत. मीही राहत नव्हतो. पहाटे अंधारात चढायचं, पहिला तासभर उत्साहाने उभं राहायचं, मग थंडीने गुडघे कुरकुरायला लागले की बसायचं. म्हणजे ‘मी उभ्याने बाण सोडतो’ याचा खरा अर्थ ‘मी बसलेला असतो आणि हरीण दिसल्यावर उठतो’ असा होतो. माझं गाडं अडलं ते या उठण्यापाशी.

उठणं ही एक हालचाल वाटते. एकदा घरी स्टुलावर बसून, धनुष्य हातात घेऊन, अगदी हळू उठून बघा. आधी पाय मागे घ्यावे लागतात. मग धड पुढे झुकतं, म्हणजे झाडाच्या बुंध्यापासून सुटून बाहेर येतं, आणि इतका वेळ बुंध्यात मिसळलेली तुमची आकृती उघडी पडते. मग वजन पंजांवर येतं आणि मचाणाची पायाखालची जाळी बोलते. सीटवरचं वजन गेलं की सीट बोलते. जाकिटाचं थंडीने कडक झालेलं कापड कोपराशी घासतं. हार्नेसची दोरी खांद्यावरून सरकते. एवढं सगळं झाल्यावर अजून दोरी ओढायची ती बाकीच असते.

माझ्या चौथ्या सीझनमधली नोव्हेंबरची एक सकाळ आहे. खाली पानांवर दंव होतं, त्यामुळे खुरांचा आवाज लांबूनच आला. एक मादी, तिच्यामागे तिचं त्या वर्षीचं पिल्लू. पुस्तकात लिहिल्यासारखं मी थांबलो. मादीचं डोकं पांढऱ्या ओकच्या जाड खोडाआड गेलं आणि मी उठायला लागलो. पिल्लाचा हिशेब मी धरलाच नव्हता. सीटपासून वीतभर वर होतो, गुडघे अर्धे वाकलेले, आणि त्या पिल्लाने मान वर केली.

तिथे थिजलो. त्याने पुढचा पाय उचलून जमिनीवर आपटला. मग मान खाली घातली, जणू चरायला लागलं, आणि तेवढ्यात झटक्यात पुन्हा वर. ही त्यांची जुनी युक्ती आहे, मान खाली गेली म्हणून आपण हललो की पकडले गेलो. मी हललो नाही. पण अर्धवट वाकलेल्या मांड्या किती वेळ धीर धरणार? आधी जळजळल्या, मग थरथरायला लागल्या, आणि ती थरथर पायांतून मचाणाच्या जाळीत उतरली. सीटचा एक बोल्ट बारीक आवाजात वाजत राहिला. मादी खोडाआडून बाहेर आली, पिल्लू बघतंय तिकडे तिने बघितलं, नाकातून जोरात फुरफुरली आणि दोन्ही पांढऱ्या शेपट्या वर करून निघून गेल्या. त्यांच्या मागे चाळीसेक यार्डांवर झुडपात नर उभा होता. मला त्याची फक्त शिंगं दिसली, तीही वळताना.

त्या दिवसापासून उठणं हा प्रकार माझ्या मनातून उतरला. पुढे वाचत गेलो तसं कारणही उलगडलं. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न हलवता त्याला जवळपास ३०० अंशांचा घेर दिसतो. बारकावे त्याला आपल्याइतके स्पष्ट दिसत नाहीत, केशरी-लाल रंग तर धड कळतच नाही, पण हललेलं लगेच कळतं आणि झुंजुमुंजू उजेडात आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं कळतं. म्हणूनच भडक केशरी जाकीट घालून निश्चल बसलेला माणूस सुटतो, आणि झाडीत मिसळणारे महागडे कॅमो कपडे घालून उठणारा सापडतो.

आणि समजा ते पळालं नाही, नुसतं सावध झालं, तरी काम बिघडतंच. माझा बाण सेकंदाला साधारण २८० फूट जातो. आवाज ११०० फुटांच्या आसपास. हरीण २० यार्डांवर, म्हणजे ६० फुटांवर असलं, तर दोरीचा आवाज आधी पोचतो आणि बाण पोचायला अजून सेकंदाचा जवळपास सहावा भाग शिल्लक असतो. बिथरलेलं हरीण तेवढ्यात पळण्यासाठी पाय दुमडून खाली दबतं. फुप्फुसावर धरलेला बाण पाठीवरून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे नको तिथे लागतो. जखमी जनावराचा माग रात्री टॉर्च घेऊन काढण्यासारखं दुःख नाही. ज्याने एकदा केलंय तो पुढच्या वेळी बाण सोडायच्या आधी दहादा विचार करतो.

आता बसण्याच्या तक्रारी, कारण त्या आहेत. सर्वात मोठी म्हणजे अर्धं जंगल सोडून द्यावं लागतं. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याला बसून डावीकडचा पट्टा मिळतो. घड्याळाच्या हिशेबाने नऊपासून फार तर साडेबारापर्यंत. तीन वाजल्याच्या दिशेने आलेलं हरीण बसल्या बसल्या अशक्य. मी पूर्वी हरणांची वाट बरोबर समोर येईल असं मचाण बांधत असे. आता झाडाभोवती थोडं फिरवून बांधतो, म्हणजे वाट साधारण दहाच्या दिशेला पडते आणि धनुष्य जवळजवळ आपोआप तिकडे वळलेलं असतं. डावखुऱ्यांनी हे सगळं उलटं धरावं. तरीही दर सीझनला एखाददुसरं हरीण चुकीच्या बाजूने येतं आणि ते मी जाऊ देतो. तुम्हाला ते सहन होणार नसेल तर बसणं कदाचित तुमच्यासाठी नाही.

दुसरी तक्रार ताकदीची. बसून कंबर आणि पाय मदतीला येत नाहीत, सगळा भार खांद्यांवर. एक जुनी परीक्षा आहे. खुर्चीत बसा, दोन्ही पावलं जमिनीवरून उचला, धनुष्य समोर सरळ धरा आणि सावकाश ओढा. दोरी आणताना धनुष्य आभाळाकडे न्यावं लागलं तर त्याचं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, तुम्हाला जास्त आहे, भले सरावाच्या रेंजवर काही वाटत नसो. मी ६५ पौंडांवरून ५५ वर आलो, आणि बाणात काही कमी पडलं असं मला अजून तरी जाणवलेलं नाही. तुमच्या राज्याचा किमान वजनाचा नियम तेवढा बघून घ्या. फायदा असा की लेट-ऑफ, म्हणजे पूर्ण ताणल्यावर कंपाउंडचा कमी होणारा भार, ८० टक्के असेल तर तेव्हा हातात ११ पौंडच उरतात. त्यामुळे घाई नाही. हरीण अजून ३० यार्डांवर झाडाआड असतानाच ओढून ठेवता येतं आणि ते मोकळ्यात येईपर्यंत धरून राहता येतं.

बसलेल्या माणसाला हलण्याचा क्षण एकदाच शोधायचा असतो, हाच माझ्या मते सगळा फरक. तो शोधायचं गणित मी असं बसवलंय. आधी डोळे मोजायचे. किती हरणं आहेत आणि शेवटच्याचं तोंड कुठे आहे, हे कळल्याशिवाय बोटही हलवायचं नाही. जाड खोड हा सर्वात भरवशाचा आडोसा, पण डोकं आड जायला हवं, नुसतं अंग नाही. खोड नसेल तर मान खाली जाण्याची वाट बघायची आणि पहिल्यांदा खाली गेली तर सोडून द्यायची, दुसऱ्यांदा निवांत खाली गेली की ओढायची. शेपटीवर नजर ठेवायची. ती हलकेच एकदा हलली की बहुतेकदा पाठोपाठ मान वर येते. वाऱ्याची झुळूक येऊन पानं सळसळली तर ती आपल्याला मिळालेली सवलत समजायची. आणि अगदी खाली, बुंध्याशी आलं तर काहीच करायचं नाही. ते पुढे जाऊन जरा तिरकं पाठमोरं होऊ द्यायचं.

मग मी कधीच उभा राहत नाही का? राहतो. नोव्हेंबरच्या मध्यावर नर माद्यांमागे धावत असतात आणि कुठूनही उगवतात, तेव्हा संध्याकाळचा शेवटचा पाऊण तास उभा असतो. पण तेव्हा रान रिकामं असतानाच उठून ठेवतो आणि मग बसत नाही. तुमचे गुडघे चांगले असतील, सबंध बैठक खरंच उभ्याने काढता येत असेल, तर कदाचित तुम्हाला तेच जमेल, आणि चारही बाजू मिळतील. बसल्यावर सैल पडणार नाही इतक्या उंचीवर हार्नेसची दोरी बांधलेली असते, ती उभं राहिल्यावर ढिली होते आणि कोपराच्या वाटेत येते. तेवढं मात्र आधी दोनदा वळून बघा.

गेल्या ऑक्टोबरात त्याच पांढऱ्या ओकपाशी संध्याकाळी दोन माद्या आल्या. ओकची फळं पडत होती, दोघी खात खात सरकत होत्या. धनुष्याचं खालचं चाक माझ्या डाव्या गुडघ्यावर टेकलेलं होतं, दोरी ओढायचा आकडा तिच्यात अडकवलेला. मोठीचं डोकं खोडाआड गेलं, दुसरी पाठमोरी होती. मी ओढलं. मोठी बाहेर आली, तीन पावलं चालली, मी तोंडाने हलकेच ‘मॅ’ केलं तशी थांबली. आडवी, पुढचा पाय एक पाऊल पुढे. बाण लागल्यावर ती साठेक यार्ड पळाली आणि पानांचा आवाज बंद झाला. दुसरी तिथेच उभी राहून इकडेतिकडे बघत होती, झाडावर मात्र तिने एकदाही बघितलं नाही. मी अर्धा तास तसाच बसून राहिलो, अंधार पडल्यावर उतरलो.