ठाण्यातील कॅथलिक माध्यमिक शाळेचे मंडळ: सल्ल्यापुरते की निर्णयाचे?

शाळेचा कारभार पाहणारे मंडळ फक्त सल्ला देणारे असावे की मर्यादित अधिकारांचे, असा हा प्रश्न आहे. ठाणे आणि नवी मुंबई हा परिसर मुंबई महाधर्मप्रांतात, म्हणजे आर्चबिशपांच्या अखत्यारीतील चर्चच्या प्रशासकीय क्षेत्रात मोडतो. चर्चच्या कायद्यातील ८०६ व्या कलमानुसार आपल्या प्रांतातील कॅथलिक शाळांवर देखरेखीचा अधिकार बिशपांचा असल्याने येथील मंडळ कितीही सबळ केले तरी ते सर्वेसर्वा होत नाही.

सल्लागार मंडळ उभारणे सोपे असते, कारण सभासद मत देतात आणि निर्णय व्यवस्थापक फादर घेतात. वाद कमी होतात हे खरे. मात्र आपले मत चहा-बिस्किटांबरोबरच संपते, हे ध्यानात आले की कामाची माणसे येईनाशी होतात.

मर्यादित अधिकारांच्या मंडळाकडे अंदाजपत्रक, इमारतीची दुरुस्ती आणि निधी यांची जबाबदारी येते, तर धर्मशिक्षण आणि मुख्याध्यापकांची निवड धर्मप्रांताकडे राहते. खासगी शाळा कर्मचाऱ्यांविषयीच्या १९७७ च्या राज्य कायद्यातही अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकांची नेमणूक वगळलेली असल्यामुळे ही विभागणी कायद्याशी जुळते. शुल्काबाबत मात्र मंडळाने फार भ्रमात राहू नये, कारण विनाअनुदानित शाळेला २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार तो प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावाच लागतो.

माझा कौल दुसऱ्या पर्यायाला आहे, परंतु अधिकार लेखी असतील, सभासदत्वाला मुदत असेल आणि पालक-सभासद आपल्या पाल्याच्या तुकडीसाठी परस्पर शिक्षकांना फोन करणार नसतील, तरच.