ताग वापरून आठ महिने: जमीन खूश, रोटाव्हेटर नाराज

रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागचं फिरत्या पात्यांचं माती घुसळणारं यंत्र) बंद पडला त्याच दिवशी हे लिहायला बसलो होतो. तेव्हा लिहिलं असतं तर तागाला एक स्टारही दिला नसता. बरं झालं थांबलो.

ताग हे हिरवळीचं खत, म्हणजे हिरवं असतानाच मातीत गाडायचं पीक. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) धरतात. (ताग म्हणजे बोरू. गोणपाटाचा ताग वेगळा.) एकरी 25 किलो बी, जिवाणूखत चोळून, पहिल्या पावसावर फोकून टाकला. महिन्याभरात गुडघ्याच्या वर गेला आणि खाली तणाला डोकं काढू दिलं नाही. खुरपणी शून्य. एक झाड उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली, आत लालसर गुलाबी, म्हणजे नत्र धरायचं काम चालू. इथवर मी प्रेमातच होतो.

फुलोऱ्याला, 45 ते 50 दिवसांत गाडा, असं पिशवीवर छापलेलं होतं. वाचलंही होतं. पण डोक्यात हिशेब सुरू झाला: अजून तीन आठवडे ठेवला तर पाला तेवढाच जास्त, तोही फुकट. 71व्या दिवशी रोटाव्हेटर घातला.

दोन फेऱ्यांत रोटर थांबला. वाकून बघतो तर पात्या दिसतच नव्हत्या. शाफ्टभोवती हिरवट-पांढऱ्या धाग्यांची मांडीएवढी जाड गुंडाळी. ट्रॅक्टर बंद केला आणि विळा घेऊन खाली शिरलो. वरचा थर सालीसकट ओला, तो निघाला. आतला मात्र पिळून असा बसलेला की विळ्याचं टोक शिरेना, शेवटी करवतीचं पातं आणलं. चाळीस मिनिटं गेली. पुन्हा दोन फेऱ्या, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी शाफ्टच्या टोकाशी तेल ओघळलेलं दिसलं. धागे फटीत शिरून ऑइल सील (तेल आत अडवणारी कडी) कापलं गेलं होतं.

सर्व्हिसवाला म्हणाला, वॉरंटीत बसत नाही, गवत चालतं, दोरखंड नाही. मी तावातावाने भांडलो, की हिरवळीचं खत गाडायलाच मशीन घेतलंय. त्याने गुंडाळीतून एक धागा ओढून माझ्या हातात दिला, ‘तोडून दाखवा.’ तुटला नाही. सीलचे पैसे भरले.

त्यावर मीठ म्हणजे पुढचा मका. ताग गाडल्यावर पंधरा दिवस थांबलो होतो, ओलही होती, तरी मका उगवला तो फिकट पिवळा. जून काड्यांत कर्ब (कार्बन) जास्त, नत्र कमी. ते गुणोत्तर 25-30च्या वर गेलं की कुजवणारे जिवाणू स्वतःच्या पोटासाठी मातीतला नत्र ओढून घेतात. युरिया टाकावा लागला. खत वाचवायला ताग, आणि तागासाठी खत!

इथपर्यंत राग होता. मत फिरलं ते विहिरीकडच्या कोपऱ्यामुळे. पाइपलाइन टाकायची म्हणून तेवढा तुकडा मी 47व्या दिवशीच कापून मातीत मिसळला होता आणि विसरून गेलो होतो. तिथे पात्यांना काही अडकलं नव्हतं. आणि आता त्याच तुकड्यातला मका हिरवागार, रेष मारल्यासारखा वेगळा. बी तेच, पाऊस तोच, फरक 24 दिवसांचा. मग सर्व्हिसवाल्यावरचा राग थोडा ओसरला. सगळा नाही, कारण बोलण्याची पद्धतही असते.

मका निघाल्यावर 6 इंची पाइपचा तुकडा जमिनीत ठोकून त्यात साधारण 460 मिली पाणी ओतलं, म्हणजे एक इंच पाऊस. ताग नसलेल्या पट्ट्यात जिरायला 19 मिनिटं लागली, तागाच्या पट्ट्यात 8. गंमत म्हणजे उशिरा गाडलेल्या भागातही 8च, त्यामुळे तो ताग अगदीच वाया गेला असं म्हणवत नाही. सुकं ढेकूळ जाळीवर ठेवून पाण्यात बुडवलं तर ताग नसलेलं लगेच पिठासारखं विरघळलं, तागातलं बराच वेळ टिकून राहिलं. सेंद्रिय कर्ब मात्र 0.41वरून 0.43 टक्के. त्याला वाढ म्हणू नका, नमुना दोन पावलं पलीकडून घेतला तरी एवढा फरक पडतो. एका हंगामात कर्ब वाढतो असं कुणी सांगितलं तर बियाणं विकायला आलाय समजा.

मक्यानंतर पुन्हा ताग टाकला. थंडीत कमरेएवढाच झाला, फुलं लवकर आली, आणि पाण्याच्या पाळ्या द्याव्या लागल्या. हा खर्च कुणी आधी सांगत नाही. पाणी तुटपुंजं असेल तर हिवाळ्यात नकोच. 46व्या दिवशी आधी फळी फिरवून आडवा केला आणि ज्या दिशेने पडला त्याच दिशेने रोटाव्हेटर घातला. शाफ्टवर बोटभर धागे आले, हाताने निघाले. बांधाकडची एक पट्टी मुद्दाम जून होऊ देतोय. ती गाडणार नाही, कापून भाजीच्या ओळींत आच्छादन म्हणून पसरणार. जून काडी लवकर कुजत नाही, तिथे तेच हवंय.

चार स्टार. पाचवा त्या ऑइल सीलसाठी कापला, चूक माझी असली तरी.