शस्त्र परवान्याचं काम आणि कोर्ट नाक्यावरच्या वकीलबाई

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, म्हणून बाईंचं नाव इथे लिहीत नाही. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आहे. लिफ्ट नाही. शस्त्र परवाना, वारसा हक्काची बंदूक, परवान्याचं नूतनीकरण अशी कामं त्या करतात आणि फार चोख करतात.

आमचं काम मामंजींच्या बंदुकीचं होतं. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या शेतावर रानडुकरांचा उपद्रव पहिल्यापासूनचा, आणि मामंजींची बारा बोअरची दुनळी गावात सगळ्यांना माहीत. ते गेल्यावर बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली. शेती धाकटे भावजी बघतात, तेव्हा परवाना त्यांच्या नावावर व्हावा असं घरात ठरलं. पेच होता तो नळ्यांचा. या बंदुकीला नळ्यांचे दोन जोड आहेत, एक 28 इंची आणि एक 30 इंची. पुढचं लाकूड काढलं की एक जोड सुटतो आणि त्याच जागी दुसरा बसतो. 30 इंचीच्या तोंडाशी गंज धरलेला. तेवढा भाग कापून 18 इंचांचा सुटसुटीत जोड करून घ्यावा, असं भावजींच्या मनात होतं.

हे खूळ आलं टेक्सासहून. पुतण्या तिकडे असतो. त्याच्याकडे पंप अ‍ॅक्शन शॉटगन, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून चालवायची छर्र्यांची बंदूक आहे, आणि तिची पुढची टोपी हाताने फिरवून काढली की नळ्या बदलता येतात. त्याने काकाला फोनवर सांगितलं, "18 इंच चालतं, त्याहून आखूड हवी तर कागद करायचे, आणि आता त्याचा करसुद्धा शून्य झालाय." आम्ही आधी ज्या एजंटाकडे गेलो होतो, त्याने तर कडीच केली. "कापून घ्या हो, कोण पट्टी घेऊन येतंय!" असं तो बिनदिक्कत म्हणाला. परक्याच्या जिवावर असले सल्ले देणाऱ्यांचा मला अतोनात संताप येतो.

वकीलबाईंनी पहिल्या भेटीत सगळं ऐकून घेतलं, मूळ परवान्याची झेरॉक्स ठेवून घेतली आणि एकच बजावलं, "पुढच्या भेटीपर्यंत नळीला कानससुद्धा लावू नका." पुढच्या भेटीला त्या अमेरिकेचा कायदा वाचून तयार होत्या. पुतण्याला त्यांनी व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि त्याच्या तोंडूनच एकेक गोष्ट वदवून घेतली. हे मला फार आवडलं, कारण भावजींचा पुतण्यावर विश्वास होता, वकिलावर अजून बसायचा होता.

तिकडचा हिशेब असा आहे. 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार शॉटगनची नळी 18 इंचांपेक्षा कमी असेल, किंवा शॉटगनपासून केलेल्या हत्याराची एकूण लांबी 26 इंचांपेक्षा कमी भरत असेल, तर त्याची केंद्र सरकारकडे नोंदणी लागते. अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, आणि मंजुरी हातात आल्यावरच नळी कापायची किंवा आखूड नळी चढवायची. कर 1934 पासून 200 डॉलर होता, तो 1 जानेवारी 2026 पासून शून्य झाला. पण शून्य झाला तो कर, नोंदणी नव्हे. पुतण्याने ही गोष्ट काकाला सांगितलीच नव्हती. शिवाय राज्यागणिक नियम वेगळे, कॅलिफोर्नियात आखूड शॉटगन सामान्य माणसाला बाळगताच येत नाही.

बदलत्या नळ्यांबद्दल बाईंनी तिथल्या सुप्रीम कोर्टाचा 1992 चा थॉम्पसन सेंटर कंपनीचा निकाल समजावला. त्या कंपनीने पिस्तूल आणि त्याच्याबरोबर लांब नळी, खांद्याला लावायचा दस्ता असा संच विकला होता. सुट्या भागांतून कायदेशीर हत्यारही जुळत असेल, तर नुसता संच जवळ असणं म्हणजे बेकायदा हत्यार बनवणं नव्हे, असं कोर्टाने धरलं. मात्र सुट्या भागांचा बेकायदा जोडणीशिवाय दुसरा उपयोगच नसेल, तर माणूस अडकतो. म्हणजे बंदुकीवर लांब नळी चढवलेली असली, तरी कपाटात विनानोंदणीची 14 इंची नळी पडलेली असणं तिकडेही धोक्याचंच. पुतण्या हे सगळं गपचूप ऐकत होता.

मग त्या आपल्या कायद्याकडे वळल्या आणि पुस्तकच भावजींच्या हातात दिलं. शस्त्र अधिनियम, 1959, कलम 13. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीच्या, म्हणजे आमच्या दुनळीसारख्या बंदुकीचा परवाना मिळतो, पण नळी 20 इंचांपेक्षा कमी नसावी असं कायद्यातच लिहिलं आहे. आपल्याकडे रेघ 20 वर आहे, 18 वर नाही. भावजींनी त्या ओळीखाली बोट ठेवून ती दोनदा वाचली. मग कलम 6. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हाच मुळात गुन्हा, मग ती 20 च्या वर राहो की खाली. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा आहे किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. एजंटाचं ते "कोण पट्टी घेऊन येतंय" मला तेव्हा आठवलं आणि हातपाय गार पडले.

पट्टी खरंच निघाली. विक्रेत्याकडे बाई स्वतः आमच्याबरोबर आल्या. दुकानदाराने बंदूक रिकामी असल्याचं उघडून दाखवलं, पुन्हा बंद केली आणि तोंडातून एक सरळ लाकडी काठी आत सोडली. ती तळाला टेकल्यावर नळीच्या कडेशी पेन्सिलने खूण केली, काठी बाहेर काढली आणि टेपने मोजली. बाहेरून नळीला टेप लावली की माप चुकतं, हे मला तिथे कळलं. दोन्ही जोडांची मापं आणि नळ्यांवर ठोकलेले नंबर बाईंनी आपल्या हाताने वहीत उतरवले. कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही बंदुकीतच धरले आहेत, म्हणून जादा जोडाचा उल्लेख अर्जात वेगळा हवा, हा त्यांचा आग्रह. मामंजींच्या जुन्या परवान्यात तो जोड नोंदलेला होता, हे आमचं नशीब.

बाकी कागद सरळ होते. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची नाहरकत प्रतिज्ञापत्रं, हत्यार हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. गाव ग्रामीण हद्दीत असल्यामुळे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. ठाणे शहरात राहणाऱ्यांनी पोलीस आयुक्तालयात करायचा.

फी कमी नाही. आमच्याकडून पंधरा हजार घेतले, त्यातले निम्मे आधी. पावती मागावी लागली नाही. दोन गोष्टी मात्र खटकल्या. एक म्हणजे वेळ पाळली जात नाही, कोर्टात केस लांबली की आपण जिन्यात बसून राहायचं, आणि बसायला बाक एकच. दुसरी, त्यांचा कारकून फोनवर तुटक बोलतो. वयस्कर माणसांशी तरी त्याने नीट बोलावं, असं मी बाईंना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

परवाना भावजींच्या नावावर झाला आहे. 30 इंचीचा गंज त्याच विक्रेत्याकडच्या कारागिराने न कापता साफ करून दिला. कोणाला बाईंकडे जायचं असेल तर मूळ परवाना आणि बंदुकीची खरेदी पावती पहिल्याच भेटीला न्या, आणि शक्यतो संध्याकाळी सहानंतर जा, तेव्हा त्या कोर्टातून परतलेल्या असतात.